जीर्ण सार्वजनिक वास्तु आणि नगरसंस्था : एका निर्णयपद्धतीचें परीक्षण

नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हापरिषदा इत्यादि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या पुष्कळ जुन्या इमारती महाराष्ट्रांत आहेत. मंडया, शाळा, दवाखाने, वाचनालयें, चावड्या, धर्मशाळा आणि पूर्वीच्या राजवटींकडून वारशानें आलेले वाडे असे त्यांचे नाना प्रकार आहेत. अशी एखादी इमारत खचूं लागली म्हणजे ती राखावी कीं पाडावी हा प्रश्न संस्थेच्या सभेपुढें येतो, आणि त्याचा निकाल बहुधा एका ठराविक रीतीनें लागतो. इमारत जीर्ण व धोकादायक आहे असा अभियंत्याचा अहवाल येतो. दुरुस्तीच्या खर्चाशेजारीं नव्या बांधकामाचा खर्च मांडला जातो. गांवांतील इतिहासप्रेमी मंडळी हरकत घेतात. हरकत भावनेची आणि अहवाल व्यवहाराचा असें ठरून व्यवहाराचा जय होतो. क्वचित् हरकत घेणारांचा आवाज मोठा असला तर इमारत वांचते, परंतु तिच्या दुरुस्तीची तरतूद होत नाहीं, आणि दहा वर्षांनीं तोच प्रश्न अधिक बिकट होऊन पुन्हा सभेपुढें येतो.

या निर्णयपद्धतीचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दोन्ही पक्ष इमारतीच्या आजच्या अवस्थेकडे पाहतात. ती अवस्था कशानें आली याचा शोध कोणीच घेत नाहीं. हा शोध निर्णयाच्या आरंभीं घेतला जात नाहीं तोंवर पाडण्याचा निर्णय जितका अविचाराचा, तितकाच राखण्याचाही होय.

१. ‘जीर्ण’ या शब्दाविषयीं

अहवालांतून ‘जीर्ण’ हा शब्द सरसकट योजिला जातो, म्हणून प्रथम त्याचाच विचार करूं. हा शब्द ‘जॄ’ धातूपासून झाला आहे. वयपरत्वें येणारी झीज हा त्याचा अर्थ; तींत दोष कोणाचाच नाहीं, असलाच तर काळाचा. ‘भग्न’ हा शब्द ‘भञ्ज्’ धातूचा; त्यास आघात हवा. पूर, आग, भूकंप किंवा मनुष्याचा हात यांवांचून वस्तु भग्न होत नाहीं. तिसरा शब्द ‘उत्सृष्ट’, म्हणजे सोडून दिलेलें. त्यास सोडणारा कर्ता असलाच पाहिजे. तीन शब्द, तीन कारणें. पहिल्याचा जाब काळास विचारावा, दुसऱ्याचा घटनेस, आणि तिसऱ्याचा मालकास. आजच्या अहवालांत हे तिन्ही अर्थ एका ‘जीर्ण’ शब्दाच्या पोटांत गडप होतात, आणि मालकाच्या कसुरीचा भार काळाच्या माथीं बसतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाहीं. प्रस्तुत लेखक एका तालुक्याच्या गांवीं जेथें बरींच वर्षें अध्यापन करीत होता, त्या शाळेवर मंगलोरी कौलें होतीं. मृग लागण्यापूर्वीं कौलें चाळावीं, फुटकीं बदलावीं, पन्हळी साफ कराव्या, अशी तेथें जुनी वहिवाट होती. चार गडी आठवडाभर खपले म्हणजे काम उरके. पुढें हा खर्च अंदाजपत्रकांतून गळला. पहिल्या पावसाळ्यांत दोन ठिकाणीं गळलें. दुसऱ्या वर्षीं वासे भिजून त्यांस वाळवी लागली. तिसऱ्या वर्षीं आढ्याचें टोंक भिंतींत कुजलें, आणि चौथ्या वर्षीं एका वर्गाची पाखी खालीं आली. सुदैवानें तो सुटीचा दिवस होता. नंतर जो अहवाल आला त्यांत इमारत वयोमानानें जीर्ण झाल्याचें म्हटलें होतें. वास्तविक तिच्या भिंती शाबूत होत्या व पाया जागचा हलला नव्हता. चार वर्षें न केलेल्या आठवडाभराच्या कामाचा तो परिणाम होता. ती इमारत पाडली गेली. परंतु अहवालांत चाळणीच्या खर्चाचा उल्लेख नव्हता, आणि सभेंतही कोणी तो विचारला नाहीं.

२. कौटिल्याचा नियम

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं हा भेद ओळखला होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तूसंबंधींचे नियम आहेत. तेथील ‘वास्तु’ शब्दाची व्याप्ति मोठी आहे. घर, शेत, बाग, सेतुबंध, तलाव या सर्वांस ग्रंथकार वास्तु म्हणतो. म्हणून बांध व तलाव यांविषयींचे त्याचे नियम घरांच्या विचारांत आणणें अप्रस्तुत होणार नाहीं.

त्यांतले दोन नियम आपल्या प्रश्नास फार जवळचे आहेत. पहिला करमाफीचा. नवा तलाव किंवा बांध घालणारास पांच वर्षें सूट, भग्न होऊन सोडून दिलेला पुन्हा नीट करणारास चार वर्षें, आणि झाडोऱ्यानें व्यापलेला मोकळा करणारास तीन वर्षें. नव्या कामास अधिक सूट आहे खरी, परंतु पडक्याच्या उद्धारासही तिचा चार पंचमांश भाग दिला आहे. नव्या कामाची कोनशिला बसवितां येते, दुरुस्तीची बसवितां येत नाहीं. तेव्हां दुरुस्तीकडे लोकांचा ओढा आपोआप होत नाहीं, त्यास राज्यानें उत्तेजन द्यावें लागतें, ही गोष्ट या प्रमाणांत गृहीत धरलेली दिसते. शिवाय ग्रंथकारानें पडझडीचे प्रकार वेगळे केले आहेत. भग्नोत्सृष्टास एक माप, झाडोरा माजलेल्यास दुसरें.

दुसरा नियम याहून कडक आहे. ज्या सेतुबंधाचें काम पांच वर्षें बंद पडलें, त्यावरील मालकाचें स्वामित्व लुप्त होतें, अपवाद आपत्तीचा. म्हणजे मालकी ही नुसती ताब्याची गोष्ट नसून चालू ठेवलेल्या कर्माची गोष्ट आहे. मालकाच्या हयगयीनें जें बिघडलें तें त्याच्या हक्कास पुष्टि देत नाहीं, उलट तो हक्क काढून घेतें. आपल्या अहवालांची रीत याच्या नेमकी उलट आहे. संस्थेनें दुरुस्ती थांबवावी, त्यामुळें इमारत खचावी, आणि खचलेली आहे या कारणावर तीच जागा मोकळी करून नव्या योजनेकरितां घेण्याचा अधिकार त्याच संस्थेस मिळावा, असा हा क्रम आहे. दोष करणारास दोषाचा लाभ होऊं नये, हें तत्त्व कोणत्याही न्यायपद्धतींत मान्य असतां वास्तूंच्या बाबतींत तेवढें विसरलें जातें.

३. गिरनारच्या शिळेवरील वाद

दुरुस्ती करावी कीं नाहीं याविषयीं राज्यकर्त्यांत झालेल्या मतभेदाची जी अत्यंत जुनी नोंद आपल्या देशांत उपलब्ध आहे, ती जुनागडजवळ गिरनारच्या वाटेवरील शिळेवर आहे. या एकाच शिळेवर अशोकाच्या धर्माज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामन् याचा शक ७२ चा, म्हणजे इ. स. १५० च्या सुमाराचा लेख, आणि स्कंदगुप्ताच्या काळचा लेख असे तीन काळांचे लेख कोरलेले आहेत. पुढचे दोन्ही सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीविषयीं आहेत.

रुद्रदामनाच्या लेखाचा आशय असा. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस अतिवृष्टि होऊन सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादि नद्यांस पूर आला व बांधास ४२० हात लांब, तितकेंच रुंद आणि ७५ हात खोल असें भगदाड पडलें. सर्व पाणी वाहून गेलें, आणि सुदर्शन तलाव ‘दुर्दर्शन’ झाला. राजाचे मतिसचिव आणि कर्मसचिव, म्हणजे सल्ला देणारे व काम करविणारे असे दोन्ही प्रकारचे मंत्री, भगदाडाचा विस्तार पाहून या कामास प्रतिकूल झाले. बांध पुन्हा होत नाहीं असें पाहून प्रजेंत हाहाकार उडाला. अखेर पौरजानपदांच्या हितासाठीं नेमलेल्या सुविशाख नांवाच्या पह्लव अमात्यानें तें काम केलें, आणि पूर्वींच्या तिप्पट मजबूत बांध घातला. खर्च राजाच्या स्वतःच्या कोशांतून झाला. कर, वेठ किंवा प्रणय या नांवाची जादा वसुली यांचा प्रजेस त्रास दिला नाहीं, असें लेख आवर्जून सांगतो.

ही प्रशस्ति आहे, तेव्हां तिच्यांतील राजस्तुति जशीच्या तशी घेतां येत नाहीं. मंत्र्यांचा नकार जितका ठळक तितकें राजाचें औदार्य मोठें, हें रचनाकारास ठाऊक असणारच. तथापि दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक, मंत्र्यांस मूर्ख किंवा लबाड म्हटलेलें नाहीं. ते मंत्रिगुणांनीं युक्त होते असेंच लेख म्हणतो. नकाराच्या बाजूसही शहाणी माणसें असतात. त्यांची चूक मोजमापाची नव्हती. भगदाड किती मोठें हें त्यांनीं पाहिलें; तलाव गेल्यानें कोणाचें काय गेलें हें पाहिलें नाहीं.

दुसरी गोष्ट आम्हांस याहून महत्त्वाची वाटते. हा बांध चंद्रगुप्त मौर्याचा राष्ट्रिय वैश्य पुष्यगुप्त यानें घातला, आणि अशोकासाठीं यवन राजा तुषास्फ यानें त्यास पाट काढले, हें रुद्रदामनाच्या लेखकास माहीत आहे. मूळ बांधणीस तेव्हां साडेचारशेंच्या आसपास वर्षें होऊन गेलीं होतीं. मधल्या काळांत राजवटी बदलल्या, भाषा बदलल्या, राज्यकर्त्यांचे वंश बदलले, तरी कोणीं बांधलें व कोणीं वाढविलें ही नोंद टिकून राहिली. पुढें गुप्त संवत् १३६ मध्यें, म्हणजे इ. स. ४५५ च्या सुमारास, तोच बांध पुन्हा फुटला, आणि नगराच्या रक्षणावर नेमलेल्या चक्रपालितानें तो पुढल्या वर्षीं दोन महिन्यांत बांधविला. हा चक्रपालित सुराष्ट्राचा अधिपति पर्णदत्त याचा पुत्र. त्याच्याकडे कारभार होता तो मात्र नगराचा. स्थानिक अधिकाऱ्यानें सार्वजनिक काम वेळेवर दुरुस्त केल्याचें हें उदाहरण आहे, आणि त्यानें हें वृत्त पूर्वींच्या दोन लेखांच्याच शिळेवर कोरविलें. सात शतकांहून अधिक काळ एक सार्वजनिक वास्तु टिकली ती वारंवार दुरुस्त झाली म्हणून.

आज एखाद्या नगरपालिकेस तिच्याच मंडईची मागली मोठी दुरुस्ती केव्हां झाली, कोणतें सामान वापरलें, खर्च किती आला, असें विचारलें तर उत्तरासाठीं किती कपाटें उघडावीं लागतील याचा विचार वाचकांनींच करावा.

४. पुण्याचीं दोन उदाहरणें

१८७९ च्या मे महिन्यांत पुण्यांत दोन पेशवेकालीन वाड्यांस आग लागली. बुधवारवाडा सर्वस्वी जळाला. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कांहीं भाग गेला. पुढें लोकवर्गणी व नगरपालिकेचें साहाय्य यांतून विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुन्हा उभा राहिला. बुधवारवाडा उठला नाहीं, आणि आज तो केवळ इतिहासाच्या पुस्तकांत उरला आहे. हानीचें प्रमाण सारखें नव्हतें हें उघड आहे, म्हणून या तुलनेवर अधिक भार देतां येणार नाहीं. परंतु विश्रामबागवाडा पुढें कशानें टिकला, याचें उत्तर त्याच्या वापरांत आहे. १८२१ मध्यें दक्षिणेच्या निधींतून निघालेली संस्कृत पाठशाळा, जिच्या परंपरेंतून डेक्कन कॉलेज झालें, ती याच वाड्यांत सुरू झाली. नंतर येथें शाळा भरली, कचेऱ्या आल्या, नगरपालिका आली, आणि १९५० मध्यें महानगरपालिका झाल्यावरही कांहीं वर्षें तिचा कारभार येथून चालला. माणसांचा राबता असल्यामुळें गळती त्याच दिवशीं दिसते आणि कोणी तरी ओरडतो. कचेरीचा वापर सर्वस्वी हितकारक असतो असें मात्र नाहीं. सोयीसाठीं आडभिंती उठतात, नक्षीच्या खांबांस खिळे ठोकले जातात. तरीही कुलूप लावलेल्या वास्तूपेक्षां गैरसोयीनें वापरलेली वास्तु अधिक काळ जगते.

दुसरें उदाहरण १८८६ मध्यें उघडलेल्या मंडईचें. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवाची ही दगडी अष्टकोनी इमारत बांधावयाचें ठरत असतां नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनीं या खर्चास विरोध केला. हा पैसा प्राथमिक शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. ज्या इमारतीस त्यांनीं विरोध केला तिच्यावरच त्यांचें नांव, हा विपर्यास पुष्कळांनीं सांगितला आहे. परंतु त्यांचा आक्षेप नुसता विनोदाचा विषय करून सोडणें योग्य नव्हे. जुन्या इमारती राखण्याच्या आग्रहावर घेतां येईल असा सर्वांत जबर आक्षेप तोच आहे. शाळेंत बसावयास जागा नसतां दगडी कमानींवर खर्च कां?

आम्हांस वाटतें, हा आक्षेप आज त्याच्याच कसोटीनें वापरला पाहिजे. तेव्हां प्रश्न नव्या इमारतीचा होता. खर्च टाळतां येण्यासारखा होता. आज इमारत उभी आहे, तींत भाजीवाले बसत आहेत, आणि तिचें मोल चुकतें होऊन शतक उलटलें आहे. अशा वेळीं थोरला खर्च कोणता? उभें आहे तें नीट ठेवण्याचा, कीं तें पाडून, मध्यंतरीं गाळेवाल्यांची सोय लावून, नवें उभारण्याचा? फुल्यांची कसोटी बहुतेक ठिकाणीं पाडणारांच्याच विरुद्ध जाईल. मात्र ती राखणारांच्याही विरुद्ध जाऊं शकते. नगरांतील शाळा गळत असतां पाहुण्यांस दाखविण्याकरितां एखाद्या वाड्याच्या दर्शनी भागावर रंगरंगोटी करणें हें त्या कसोटीस उतरणार नाहीं, आणि उतरूंही नये.

५. प्रतिपक्षाचा विचार

पाडण्याच्या बाजूचें पहिलें कारण जीविताचें, आणि तें गंभीर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतील दगडी पूल पुरांत कोसळला, दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. जुन्या कामावर भाबडा विश्वास ठेवूं नये हा त्याचा धडा आहे. पण १४ मार्च २०१९ रोजीं मुंबईंत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा जो पादचारी पूल पडला तो कांहीं दशकांचाच होता, आणि थोड्या काळापूर्वीं झालेल्या तपासणींत किरकोळ दुरुस्तीपलीकडे त्यास कांहीं नको असें ठरलें होतें. १५ जून २०२५ रोजीं मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील लोखंडी पूल पडला, तोही प्राचीन नव्हता. वय ही धोक्याची एक खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे तपासणी, आणि तपासणीस अर्थ येतो तो मागल्या तपासण्यांशीं ताडून पाहिल्यावर.

कायद्याकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमान्वयें मोडकळीस आलेल्या बांधकामाबद्दल आयुक्त मालकास लेखी नोटीस देऊं शकतात. पाडून टाकणें हा तेथें अनेकांपैकीं एक मार्ग आहे. आधार देणें व दुरुस्त करणें हेही मार्ग त्याच कलमांत आहेत. अडचण एवढीच कीं, मालक जेव्हां खुद्द महानगरपालिका असते तेव्हां नोटीस देणारा व घेणारा एकच होतो. खाजगी मालकास कसुरीबद्दल जाब विचारणारी संस्था स्वतःच्या कसुरीबद्दल मौन धरूं शकते. दुसऱ्या बाजूस, मुंबईंत १९९५ मध्यें झालेल्या वारसानियमांसारख्या व्यवस्थेनें थोर इमारतींस श्रेणीवार संरक्षण मिळालें हें खरें. परंतु पेठेंतील साधी शाळा, दवाखाना वा चावडी अशा यादींत क्वचितच येते, आणि बहुतेक लोकांचा संबंध येतो तो अशाच वास्तूंशीं.

दुसरें कारण असें सांगतात कीं, दुरुस्ती केली तरी ती टिकत नाहीं. याचा दोष बहुधा दुरुस्तीच्या रीतीकडे असतो. चुन्यांत बांधलेल्या भिंतीवर सीमेंटचा गिलावा चढविला म्हणजे भिंतींतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती आंतल्या आंत मुरून वीट व चुना यांस खाते, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरतो. मग जुन्या भिंतीस नांवें ठेवतात. कमीत कमी दराच्या निविदेवर चुना जाणणारा गवंडी व सागवानी जोड जाणणारा सुतार मिळणें कठीण. ‘जीर्णोद्धार’ या शब्दांत उद्धार आहे, म्हणजे आहे त्यास वर उचलणें. मूळ झांकून टाकणें नव्हे.

६. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून निर्णयाचा जो क्रम आम्हांस योग्य दिसतो तो असा. प्रथम, मागल्या निदान वीस वर्षांचा दुरुस्तीचा हिशेब सभेपुढें ठेवावा. तो नसेल तर ‘जीर्ण’ हा शब्द अहवालांत वापरूं देऊं नये. दुसरें, इमारत आज कोणाच्या उपयोगाची आहे व ती गेल्यास त्यांचें काय होईल, हें त्या माणसांस विचारून लिहावें. तिसरें, तपासणी करणारा नव्या बांधकामाशीं कोणताही संबंध नसलेला असावा. चौथें, राखण्याचा ठराव झाल्यास त्याबरोबरच वार्षिक दुरुस्तीची रक्कम अंदाजपत्रकांत कायमची घालावी. ती न घालतां केलेला ठराव रद्द समजावा. पांचवें, एवढें सर्व करून ज्या वास्तूस उपयोग उरला नाहीं, जी दुर्मिळ नाहीं, आणि जी राखण्यानें दुसरें निकडीचें काम अडतें, ती मोजून, चित्रें घेऊन, वृत्त लिहून ठेवून पाडावी, आणि त्याबद्दल कोणी शोक करूं नये. सर्वच जुनें राखावें असा आग्रह धरणारे खरोखर राखण्याजोग्या वास्तूंचेंच नुकसान करतात.

यांतील पहिलें काम करण्यास संस्थांच्या ठरावाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नगरपालिकांचीं जुनीं दप्तरें, वार्षिक अहवाल व जमाखर्चाच्या वह्या अनेक गांवीं अद्याप पडून आहेत, आणि इमारतींप्रमाणेंच वाळवीच्या वाटेवर आहेत. जुने कागद वाचण्याची संवय असलेल्या संशोधकांनीं आपापल्या गांवच्या एकेका सार्वजनिक इमारतीचा दुरुस्तीचा इतिहास त्यांतून काढून प्रसिद्ध केला, तर पुढल्या वेळीं सभेपुढें अहवाल येईल तेव्हां त्याच्या शेजारीं ठेवावयास दुसरा एक कागद असेल. अशा टिपणांस या त्रैमासिकांत अवश्य स्थान मिळावें अशी आमची सूचना आहे.